पाट्याचे काम आणि विळीचे काम

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या शेजारच्या बाई हातात दोन माहितीपत्रके घेऊन आल्या. आम्ही खारघरला एकाच सोसायटीत राहतो. बाई हार्बर लाइनवरील एका शाळेत विज्ञान शिकवतात. पहाटेची लोकल गाठायची, तर घरातील सहा माणसांच्या पोळ्या आणि भाजी सहाच्या आत व्हावी लागते. गेले वर्षभर त्यांचे उजवे मनगट दुखत होते. चिरणे, मळणे आणि पिळणे शक्य तितके कमी करा, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यातच घरचा जुना मिक्सर बंद पडला.

"एवीतेवी नवे यंत्र घ्यायचेच आहे," बाई म्हणाल्या, "तर मिक्सर घेऊ की फूड प्रोसेसर? पैसे एकाचेच आहेत. तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं, तुम्हीच सांगा."

आम्ही दोन्ही पत्रकांवरचे वॅटचे आकडे पाहिले आणि ज्याचा आकडा मोठा ते घ्या, असे सांगून मोकळे झालो. बाई गेल्यावर लक्षात आले, की आपण उत्तर दिलेच नाही. यंत्र दर सेकंदाला विजेची किती ऊर्जा घेते, एवढेच वॅटवरून कळते. त्या ऊर्जेचे पुढे काय होते, कांद्याच्या फोडी होतात की लगदा, हे त्यावरून मुळीच कळत नाही. मग आम्ही प्रश्न पुन्हा पहिल्यापासून घेतला. त्यातून जे हाती आले ते वर्गातही उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहोत.

आजीच्या स्वयंपाकघरातील वर्गीकरण

प्रथम नावांचा घोळ दूर करू. पाश्चात्त्य देशांत ज्याला ब्लेंडर म्हणतात, त्याचा आपल्याकडील दणकट भाऊ म्हणजे मिक्सर. उभे, निमुळते भांडे, त्याच्या तळाशी छोटे पाते आणि खाली अतिशय वेगाने फिरणारी मोटार, ही त्याची रचना. फूड प्रोसेसरमध्ये पसरट, रुंद भांडे असते. त्यात इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळणदार लांब पाते बसते किंवा वरच्या बाजूला काप काढण्याची वा किसण्याची चकती बसते. वेग पुष्कळ कमी असतो.

आता आजीच्या स्वयंपाकघरात जाऊ. तेथे पाटा-वरवंटा होता, खलबत्ता होता, विळी होती, किसणी होती, परात होती. चटणी विळीवर होत नाही आणि कोशिंबिरीची काकडी पाट्यावर वाटत नाहीत, हे सांगायला तेव्हा कोणी शास्त्रज्ञ लागला नाही. ही साधने दोन गटांत मांडता येतात. पाट्यावर पदार्थाचा प्रत्येक कण वरवंट्याखाली पुन्हा पुन्हा येतो. विळीवर मात्र प्रत्येक फोड पात्याला एकदाच भेटते आणि बाजूला पडते.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. पदार्थ पात्याला किती वेळा भेटावा, हे विचारा. पुन्हा पुन्हा भेटायला हवा असेल, तर ते काम पाट्याचे आणि म्हणून मिक्सरचे. एकदा किंवा मोजक्या वेळा भेटून सुटायला हवा असेल, तर ते काम विळीचे आणि म्हणून फूड प्रोसेसरचे.

मिक्सरमधला भोवरा

मिक्सरचे पाते जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीच्या हातांचे असते. ते तळाशी एकाच जागी फिरते. मग भांड्याच्या तोंडापर्यंत भरलेला पदार्थ बारीक कसा होतो? पाते वर जात नाही, पदार्थच खाली येतो. पाते द्रवाला बाहेर, भिंतीकडे फेकते. तो भिंतीला लागून वर चढतो आणि मध्यभागी पडलेल्या खळग्यातून पुन्हा पात्यावर उतरतो. ताक घुसळताना रवीभोवती पडतो तसाच हा भोवरा. या फेरीत प्रत्येक कण मिनिटभरात अनेकदा पात्यापाशी येतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. भोवरा पडायचा तर पदार्थ वाहता हवा. ओले खोबरे आणि कोथिंबीर पाण्याशिवाय फिरवून पाहा. क्षणभर आवाज होतो, तळचा थर भिंतीवर फेकला जातो आणि पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते. पाते मोकळेच फिरत राहते, वरचे खोबरे जागचे हलत नाही. आपण झाकण काढून कडेचे खाली ढकलतो आणि दोन चमचे पाणी घालतो. त्या पाण्याने भोवरा सुरू होतो.

मिरी, धने यांसारखे कोरडे, कडक दाणे पाण्याशिवाय दळता येतात, कारण ते आपटून उडतात आणि परत पात्यावर पडतात. शेंगदाण्याचे कूट मात्र सावधपणे करावे लागते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. दाणे पात्याला मोजक्या वेळा भेटले तर कूट होते. दहा-पंधरा सेकंद जास्त फिरवले, तर पेशी फुटून तेल सुटते आणि कूट तळाशी गोळा होऊन बसते. म्हणूनच आपण बटण थांबत थांबत फिरवतो, म्हणजे भेटींची संख्या हाताने मोजतो.

हाच भोवरा एकदा जीवशास्त्राच्या कामी आला. सोडा फाउंटनवर माल्टेड दूध घुसळण्यासाठी अमेरिकेत स्टीफन पोप्लॉव्स्की यांनी १९२२ साली तळाशी पाते असलेले यंत्र केले आणि १९३७ पासून 'वेअरिंग' नावाचा ब्लेंडर तेथे बाजारात आला. १९५२ साली आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी जिवाणूंना चिकटलेल्या विषाणूंची रिकामी टरफले सुटी करण्यासाठी तोच ब्लेंडर वापरला. त्यातील घुसळण टरफले ओरबाडून काढण्याइतकी जोरदार आणि जिवाणू शाबूत राहतील इतकी बेताची होती. जिवाणूच्या आत मुख्यतः डीएनए जाते, प्रथिन बाहेरच राहते, हे त्यावरून दिसले. आनुवंशिकतेचा धडा शिकवताना हे स्वयंपाकघरातील यंत्र जरूर आठवावे.

एकदाच भेटणारे पाते

फूड प्रोसेसरचा जन्म फ्रान्समधील उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत झाला. तेथे पिएर व्हर्दां यांनी केलेल्या यंत्राचे घरगुती रूप १९७१ साली आले, आणि १९७३ साली कार्ल सॉन्थाइमर यांनी अशाच यंत्राची अमेरिकेतील घरांना ओळख करून दिली. उपाहारगृहातील आचाऱ्याची अडचण वाटण्याची नव्हती, ढिगाने चिरण्याची होती. यंत्राच्या रचनेत ती अजून दिसते.

चकती लावून गाजर वरच्या नळीतून दाबले, की चकतीच्या प्रत्येक फेऱ्यात एक काप निघतो आणि फटीतून खाली पडतो. खाली पडलेल्या कापाला पाते परत भेटत नाही. म्हणून पहिला आणि शेवटचा काप सारख्याच जाडीचा असतो. वळणदार पाते लावले तर भेटी अनेक होतात, परंतु वेग कमी आणि भांडे रुंद असल्याने त्या आपल्या हातात राहतात. दोन-चार झटक्यांत कांदा जाडसर, आणखी चार झटक्यांत बारीक.

या यंत्राला पातळ पदार्थ मात्र झेपत नाहीत. भांड्याच्या मधून आस वर येतो आणि त्याभोवती उंच नळी असते. पातळ पदार्थ त्या नळीच्या वर गेला, तर आतून खाली झिरपतो. थोडा पदार्थही चालत नाही. पळीभर चटणी रुंद भांड्यात घातली, तर पहिल्याच फेऱ्यात कडेला फेकली जाते आणि पाते तिला परत गाठत नाही. मिक्सरसोबत चटणीचे लहान भांडे येते ते याचसाठी.

वेग की जोर?

आता वॅटकडे परत येऊ. आपल्याकडील मिक्सरची मोटार रिकामी फिरताना मिनिटाला १८,००० ते २०,००० फेरे घेते. १८,००० धरले तर सेकंदाला ३०० फेरे झाले. पात्याच्या टोकाची त्रिज्या तीन सेंटीमीटर असेल, तर एका फेऱ्यात टोक सुमारे १९ सेंटीमीटर जाते. म्हणजे सेकंदाला ५६ मीटर, ताशी २०० किलोमीटर! पदार्थ भरल्यावर वेग बराच उतरतो, तरीही तो प्रचंडच असतो. मिक्सरचे पाते फारसे धारदार नसूनही का चालते, ते येथे कळते. ते कापत नाही, आदळते.

फूड प्रोसेसरमध्ये वेग दातेरी चक्रांनी किंवा पट्ट्याने कमी केलेला असतो, किंवा मोटारच कमी वेगाची असते. मिनिटाला १,५०० फेरे आणि आठ सेंटीमीटरची त्रिज्या धरली, तर टोकाचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर, ताशी ४५ किलोमीटर येतो.

मग वेग घालवून मिळवले काय? शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ठाऊक असते. दोन्ही यंत्रांत पात्याला ३०० वॅट मिळतात असे समजू. सेकंदाला ३०० फेऱ्यांना टॉर्क येतो ०.१६ न्यूटन-मीटर, २५ फेऱ्यांना येतो १.९ न्यूटन-मीटर, म्हणजे बारापट. सायकलवर चढ चढताना आपण गिअर बदलतो, तोच हा व्यवहार. कणीक मळायला हा जोर लागतो. गव्हातील ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिने पाणी मिळाल्यावर एकमेकांत गुंततात, आणि ताणत-दुमडत राहिल्याने त्यांचे लवचीक जाळे तयार होते. मिक्सरच्या भांड्यात कणकेचा गोळा भोवरा पाडत नाही. पाते त्यात रुतते, मोटार अडते, तिच्या वेढ्यांतून जादा प्रवाह वाहतो आणि त्या तापतात. नशीब चांगले असेल तर बुडाशी असलेले लाल बटण उडते. नसेल तर जळका वास येतो.

भारतीय वाटपही मोटारीची अशीच परीक्षा घेते. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांच्या घरातील जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडील वाटणापुढे टिकला नाही. त्यांनी मग आपल्या स्वयंपाकाला पेलेल अशा मोटारीचे यंत्र तयार केले. तोच पुढे घरोघरी गेलेला 'सुमीत' मिक्सर. परक्या यंत्रात दोष होता असे नव्हे. ते दुसऱ्या कामासाठी केलेले होते.

कांदा का रडतो?

भेटींच्या संख्येचा परिणाम चवीवरही होतो. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगे एका कप्प्यात आणि त्यांचे विघटन करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि उग्र द्रव्ये तयार होतात. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वायूसाठी आणखी एक विकर लागते, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले.

धारदार विळीने चिरताना केवळ कापाच्या रेषेवरील पेशी फुटतात. मिक्सरमध्ये आदळून जवळजवळ सगळ्याच फुटतात. पेशीतील पाणी बाहेर येते, कांदा उग्र आणि कधी कडवट लागतो. असा कांदा तेलात टाकला तर आधी ते पाणी आटावे लागते. तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते, कांदा शिजतो पण तांबूस होत नाही. काकडीची कोशिंबीर मिक्सरमध्ये पाणचट होते त्याचेही कारण हेच. उलट, रश्श्याच्या वाटणात पेशी फुटायलाच हव्यात. तेथे विळीचे काम अपुरे पडते.

ज्यूलचा प्रयोग ओट्यावर

मिक्सरने घेतलेली ऊर्जा शेवटी जाते कोठे? बहुतेक सगळी उष्णतेत. १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजले होते. आपल्या ओट्यावर तोच प्रयोग रोज होतो. अर्धा किलो ओल्या वाटणात २५० वॅट दोन मिनिटे गेले, तर ३०,००० ज्यूल झाले. वाटणाची विशिष्ट उष्णता पाण्याइतकी धरली, तर तापमान सुमारे १४ अंश सेल्सिअसने वाढेल. उष्णता थोडी बाहेर जातेच, तरीही भांडे हाताला कोमट लागते. म्हणून डाळ वाटताना गार पाणी घालावे, आणि मसाला दळल्यावर भांडे निवल्याशिवाय झाकण उघडू नये, नाहीतर सुवासिक तेलांची वाफ स्वयंपाकघरात पसरते आणि मसाल्याला उरत नाही.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. मिक्सरच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या, तापमान मोजा, झाकण लावून एक मिनिट फिरवा, बटण बंद करून प्लग काढा आणि पुन्हा मोजा. चढलेल्या अंशांवरून पाण्याला किती ज्यूल मिळाले ते काढा आणि यंत्रावरील वॅटशी ताडून पाहा. पाणी पात्याला फारसे अडवत नाही, त्यामुळे मोटार पूर्ण वॅट घेतच नाही. विद्यार्थ्यांनी हे स्वतः शोधून काढले तर अधिक चांगले. एक इशारा मात्र द्यावा. उकळते सार किंवा आमटी बंद भांड्यात कधीही फिरवू नये. घुसळल्याने वाफ एकदम सुटते, आतली हवा तापून प्रसरण पावते आणि झाकण उडून गरम पदार्थ अंगावर येतो.

बाईंची यादी

एवढे झाल्यावर आम्ही बाईंकडे गेलो आणि आधीचे उत्तर मागे घेतले. एक आठवडा रोज काय केले आणि कशाने मनगट दुखले ते लिहून ठेवा, अशी विनंती केली. बाईंनी वहीत तीन रकाने आखले. काम, पात्याशी भेटी एक की अनेक, आणि दुखले की नाही.

रविवारी वही पाहिली. कणीक रोज, सहा माणसांची. कांदा रोज. कोबी किंवा गाजर तीन दिवस. या सगळ्यांपुढे तिसऱ्या रकान्यात खूण होती. चटणी आणि वाटण चार दिवस, कूट एकदा, इडलीचे पीठ एकदा. यांपुढे खूण नव्हती, पण ही कामे मिक्सरवाचून होण्यासारखी नव्हती. म्हणजे दुखणे विळीचे आणि परातीचे होते, गरज मात्र पाट्याचीही होती.

एकाच बुडावर मिक्सरची भांडी आणि प्रोसेसरचे भांडे दोन्ही बसतात, अशी यंत्रे आपल्याकडे मिळतात. आम्ही तीच सुचवणार होतो. पण बाईंनी विज्ञानशिक्षिकेला शोभेल असा प्रश्न विचारला : "जुना मिक्सर नक्की कशाने बंद पडला?" हे कोणी तपासलेच नव्हते. मोटार जळली असे सर्वांनी गृहीत धरले होते. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले तेव्हा कार्बन ब्रश झिजून आखूड झालेले आणि भांड्याला फिरवणाऱ्या कपलरचे दाते तुटलेले निघाले. मोटार शाबूत होती. किरकोळ खर्चात मिक्सर चालू झाला आणि नव्या यंत्राचे पैसे फूड प्रोसेसरसाठी मोकळे राहिले.

तो घेताना बाईंनी वॅट शेवटी पाहिले. आधी भांडे पाहिले. सहा माणसांची कणीक एका वेळी मावते का, भांडे नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही ना, धुवायला किती भाग निघतात, आणि ओट्यावर कायम ठेवायला जागा आहे का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण माळ्यावर गेलेले यंत्र दुखऱ्या मनगटाला खाली काढता येत नाही.

आता वर्ष होत आले. कणीक दोन मिनिटांत मळून निघते. पाणी हाताच्या अंदाजापेक्षा थोडे थोडे करून घालावे लागते आणि गोळा वीस मिनिटे झाकून ठेवावा लागतो. होळीच्या पुरणालाही यंत्र चालले. मिक्सरमध्ये पुरण फिरायला पाणी घालावे लागते आणि ते सैल होते. येथे शिजलेली घट्ट डाळ आणि गूळ तसेच वाटता आले. एकट्या कांद्यासाठी मात्र बाई अजून विळीच काढतात, कारण यंत्र धुण्यात जास्त वेळ जातो. मनगट पूर्ण बरे झालेले नाही. पोळ्या लाटायला तर दोन्ही यंत्रांपैकी एकही उपयोगाचे नाही. ते काम त्यांच्या मुलाने उचलले आहे. त्याच्या पोळ्यांचे आकार अजून भूगोलाच्या तासाला शोभतील असे असतात.

बाईंची तीन रकान्यांची वही पुढे नववीच्या वर्गात गेली. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील आठवड्याची कामे तशीच लिहून आणली. बाई म्हणतात, की भोवरा आणि टॉर्क मुलांना पटकन समजले. वह्या तपासताना त्यांचे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीने वेधले. तिसरा रकाना भरण्यासाठी 'कशाने दुखते?' असे बहुतेक मुलांनी आपल्या आईला पहिल्यांदाच विचारले होते.